चासीवरचे थर

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या परसात दोन लाकडी स्टुलांवर एक बुलेटची चासी आडवी पडली होती. मालवणहून भाजीच्या टेम्पोत घालून आणलेली. गाडी माझ्या मामाची. साठीच्या दशकात मद्रासला तयार झालेली ती बुलेट मामानं 1978 साली जुन्यात घेतली, तीस वर्षं चालवली आणि मग ती माडाच्या सावलीत उभी राहिली ती उभीच राहिली. मामा गेल्यावर मामेभावाचा फोन आला, "दादा, गंजान खाल्ली ती. तुका व्हयी तर घेवन जा."

खाऱ्या वाऱ्यानं लोखंडाचं काय होतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. टाकीच्या तळाला भोकं होती, मडगार्ड हातात आलं. चासी मात्र जाड नळ्यांची, ती टिकली होती. माझं आयुष्य एका साखर कारखान्याच्या भांडारात गेलं. रंगाचे डबे, तारेचे ब्रश, पॉलिश पेपर हे सगळं मी पंचवीस वर्षं मोजून दिलेलं, पण स्वतः कधी वापरलेलं नव्हतं. उत्साह दांडगा होता. शेजाऱ्याकडून ग्राइंडर आणला, त्याला तारेचा गोल ब्रश लावला आणि दीड तासात मागची अर्धी चासी रुप्यासारखी पांढरी केली.

दुपारी वीज गेली. म्हणून पुढचा अर्धा भाग हातानं, पाणी लावून, पेपरनं घासायला बसलो. आणि हातानं घासताना जे दिसलं, त्यानं माझा तो उत्साह उतरला. रंग एक नव्हता. झाडाच्या बुंध्यावर वलयं दिसावीत तसे थर दिसू लागले. सगळ्यात वर ब्रशनं मारलेला काळा ऑइल पेंट, त्यात ब्रशचे दोन केसही अडकलेले. त्याखाली आणखी एक काळा, पातळ, फवाऱ्यानं मारलेला. एका पोच्यापाशी लांबी भरलेली. उजव्या फूटरेस्टजवळ, जिथं नळी कधीतरी तडकून पुन्हा जोडली होती, तिथं वीतभर जागेत लखलखीत शेंदरी. आणि सगळ्याच्या तळाशी एक काळा थर, काचेसारखा कडक, नखानं काय, चाकूच्या टोकानंही सहज न निघणारा.

मग आठवलं. सकाळी सीटखालच्या नळीवर पिवळ्या रंगात बारीक अक्षरं दिसली होती. पहिलं 'श्री' वाचलं होतं. पुढचं नंतर वाचू म्हटलं, आणि ते ग्राइंडरखाली गेलं. कागदपत्रांच्या शोधात लोकांच्या माळ्यावरची जळमटं काढत फिरणारा माणूस मी. हातातला दस्तऐवज मी स्वतःच खरवडून टाकला होता.

या लेखाचं मूळ त्या दुपारी आहे. उरलेल्या अर्ध्या चासीवरचे थर तरी वाचायचे असं ठरवलं, आणि तळापासून सुरुवात केली.

तो तळाचा काळा आधी घेऊ. मोटारसायकलची चासी काळी का असते? टाकी लाल, हिरवी, निळी, कशीही असो, सांगाडा बहुधा काळा. मळ दिसत नाही म्हणून, असं आमच्या उद्यमनगरातला कुठलाही मिस्त्री सांगेल. ते खोटं नाही, पण मूळ कारण वेगळं आहे, आणि ते शोधत गेलं की माणूस जपानात पोचतो.

जपानी आणि चिनी लाखकाम सतराव्या शतकात युरोपात पोचलं तेव्हा तिथल्या श्रीमंतांना त्या काळ्याभोर तकाकीनं वेड लावलं. ते काम एका झाडाच्या चिकाचं असतं. तो चीक युरोपात मिळत नव्हता आणि जहाजातून आणायलाही सोयीचा नव्हता. मग नक्कल सुरू झाली. 1688 साली स्टॉकर आणि पार्कर या दोघांनी इंग्रजीत या नकलेवर एक अख्खा ग्रंथच लिहिला. या कामाला इंग्रजीत नावच पडलं 'जपानिंग'. पुढं वेल्समधल्या पाँटीपूल गावी ऑलगुड घराण्यानं ही नक्कल लाकडावरून पत्र्यावर आणली. खनिज डांबर, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन यांचं मिश्रण पत्र्याला लावायचं आणि भट्टीत हळूहळू भाजायचं. भाजताना तेल कडक होतं, डांबर त्यात एकजीव होतं, आणि जो थर तयार होतो तो पाण्याला सहसा आत शिरू देत नाही. डांबरच काळं, त्यामुळं रंग काळाच. त्यात निवडीला जागा नव्हती.

हा धंदा बर्मिंगहॅम आणि वुल्व्हरहॅम्प्टन या दोन शहरांत फोफावला. ट्रे, डबे, चहाच्या बरण्या, कोळशाच्या बादल्या. साहित्याच्या वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. ज्याच्या नावाचा टंक आजही इंग्रजी पुस्तकांत वापरला जातो, तो जॉन बास्करव्हिल बर्मिंगहॅममध्ये आधी याच जपानिंगच्या धंद्यावर श्रीमंत झाला आणि मग त्या पैशातून छपाईकडं वळला. काळ्या ट्रेनी काळ्या अक्षरांचा खर्च भागवला म्हणायचं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या ट्रेंची फॅशन ओसरली. भट्ट्या होत्या, कारागीर होते, गिऱ्हाईक कमी होऊ लागलं. आणि नेमकी त्याच सुमाराला त्याच मुलखात सायकल आली. इथं मला भेटला जॉन मार्स्टन, आणि सगळ्या शोधात जिथं मी सर्वांत जास्त रेंगाळलो ती ही जागा.

मार्स्टनचा जन्म 1836 चा, लडलो गावचा. पंधराव्या वर्षी तो वुल्व्हरहॅम्प्टनला एडवर्ड पेरी नावाच्या जपानिंगवाल्याकडं उमेदवार म्हणून लागला. पेरीच्या कारखान्याचं नाव 'जेडो वर्क्स'. जेडो म्हणजे एदो, आजचं टोकियो. वुल्व्हरहॅम्प्टनच्या धुरात उभ्या असलेल्या पत्र्याच्या कारखान्याला जपानच्या राजधानीचं नाव! उमेदवारी संपल्यावर मार्स्टननं 1859 मध्ये स्वतःचा धंदा काढला आणि 1871 मध्ये, पेरी वारल्यावर, तो जेडो वर्क्सच विकत घेतला. 1887 मध्ये त्यानं सायकली बनवायला घेतल्या. सायकलीची चासी म्हणजे त्याच्या लेखी आणखी एक पत्र्याचा ट्रे, फक्त नळ्यांचा. तोच काळा, तीच भट्टी, तीच सोनेरी रेघ. त्या काळ्यावर पडलेलं ऊन पाहून त्याच्या बायकोनं, एलननं, सायकलीला 'सनबीम' हे नाव सुचवलं अशी कथा सांगतात. कथा खरी असो नसो, एखाद्या सायकलीचं नाव तिच्या वेगावरून न पडता तिच्या रंगाच्या तकाकीवरून पडावं, यातच सगळं आलं. सनबीमची साखळी तेलाच्या बंद डब्यातून फिरायची, म्हणजे तिलाही गंज नको. मार्स्टनला गंजाचं वैर होतं आणि ते त्यानं आयुष्यभर निभावलं. 1912 मध्ये त्याच कारखान्यातून सनबीमची मोटारसायकल बाहेर पडली. काळी, सोनेरी रेघांची.

माझ्या मामाच्या गाडीचं घराणं याच मुलखातलं. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला रेडिच नावाचं गाव आहे, ते मूळचं सुया बनवणाऱ्यांचं. तिथल्या सुयांच्या एका कारखान्यातून पुढं सायकली झाल्या, सायकलींतून 'रॉयल एन्फिल्ड' आणि 1901 मध्ये मोटारसायकल. 1955 साली या कंपनीनं मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एन्फिल्ड इंडिया काढली आणि बुलेट इकडं बनू लागली. गाडीचं सामान आलं, नकाशे आले, आणि त्यांच्याबरोबर काळ्या चासीची रीतही आली. पाँटीपूलचा ट्रे ते मालवणची बुलेट, ही वाट अशी आहे. 'मळ दिसत नाही' हे कारण मागाहून जोडलेलं.

आपल्याकडं हा काळा सायकलीवर बसूनच आला. 1888 साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलीचं दुकान काढलं हे सर्वांना माहीत आहे. त्यांच्याविषयीची दुसरी गोष्ट मला या संदर्भात राहून राहून आठवते. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकार व्हायला गेले होते. काही रंग त्यांना नीट ओळखू येत नाहीत असं लक्षात आलं, म्हणून चित्रकला सोडून ते यांत्रिक ड्रॉइंगकडं वळले. सायकलीच्या काळ्यानं त्यांची काही अडचण झाली नसावी.

आता चासीच्या दुसऱ्या टोकाला येऊ. गंज म्हणजे नेमकं काय, हे नीट कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू यांचा हा खेळ, एवढं जुनंच ज्ञान. पण 1920 च्या दशकात केंब्रिजमध्ये युलिक इव्हान्स यांनी एक साधा प्रयोग केला, तो घरीही करता येतो. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. आपल्याला वाटेल, हवा थेंबाच्या कडेला जास्त पोचते, तर कडेला लोखंड जास्त खाल्लं जाईल. घडतं उलटं. थेंबाच्या मध्याखाली, जिथं हवा कमी पोचते, तिथं लोखंड विरघळतं, कडेचं वाचतं, आणि गंजाचं कडं या दोहोंच्या मध्ये बसतं. लोखंडाच्या एकाच तुकड्यात विजेचा एक चिमुकला घट तयार होतो आणि मीठ त्याला जोर देतं.

हे वाचलं आणि मामाची चासी मला समजली. उघड्यावरच्या नळ्या वरवर गंजल्या होत्या. पण क्लॅम्पखाली, बॅटरीच्या पेटीमागं, जिथं चिखल साचून हवा कोंडली होती, तिथं नळी खोलवर खाल्लेली. रंगाचा पापुद्रा जिथं फुगला होता, तिथं टोचलं तर खालून काळपट पाणी आलं. गंज लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो, म्हणून तो रंगाला खालून उचलतो. वरून रंग छान दिसत असतो तेव्हाच आत पोकळी झालेली असते. म्हणून नुसता गंजावर रंग मारणं हा वेळकाढूपणा. मामानं तो दोनदा केलेला दिसत होता. किंवा ज्याच्याकडून मामानं गाडी घेतली त्यानं, विकण्याच्या आदल्या दिवशी.

मराठीत गंजावरचा लेख दिल्लीच्या लोहस्तंभाशिवाय पुरा होत नाही, तेव्हा तो उरकून घेतो. मेहरौलीचा हा स्तंभ सोळाशे वर्षं उभा आहे आणि त्याला फारसा गंज नाही. 'गेलेली विद्या' वगैरे भाषणं आपण ऐकलेली असतात. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा जो उलगडा केला तो भाषणांपेक्षा सुरस आहे. जुन्या भट्टीतल्या लोखंडात स्फुरद जास्त राहून गेलं होतं. कालांतरानं त्या स्फुरदानं पृष्ठभागावर लोहाच्या फॉस्फेटचा पातळ थर धरला आणि तोच चिलखत झाला. म्हणजे पहिल्या पावसाळ्यांनी स्तंभाला जो गंज आणला असेल, त्यातूनच त्याचं संरक्षण घडलं.

गंमत म्हणजे हीच युक्ती 1906 साली थॉमस कॉस्लेट या इंग्रजानं स्वतंत्रपणे पेटंट केली: लोखंडी वस्तू फॉस्फोरिक आम्लाच्या उकळत्या द्रावणात बुडवायची, तिच्यावर फॉस्फेटचा करडा थर बसतो, गंज लांबतो आणि रंगही घट्ट धरतो. पुढं डेट्रॉइटच्या पार्कर कंपनीनं तिचा मोठा धंदा केला. आज गाड्यांच्या कारखान्यांत रंगाआधी चासीला जी आंघोळ घालतात ती याच घराण्यातली, आणि दुकानात 'रस्ट रिमूव्हर' म्हणून जी बाटली मिळते तिच्यातही पुष्कळदा हेच आम्ल असतं.

आणि आता तो शेंदरी.

तो वीतभर तुकडा मी डब्यात बसवलेल्या दिव्याखाली बराच वेळ पाहिला. मग शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या पेंटरमामांना बोलावलं. वय पंच्याहत्तरच्या पुढं, हाताला थोडा कंप. आल्या आल्या त्यांनी चासीवर थुंकी लावून बोट फिरवलं.

"ह्यो शेंदूर हाय, मालक. बेलतेलातला. ह्यो आता कोण मारत न्हाई."

"रेड ऑक्साइड नव्हे?"

"छ्या! रेड ऑक्साइड म्हंजी काव. ही काव न्हवं. शेंदराचा डबा उचलला की हाताला कळतंय. शिसं असतंय त्यात."

एका वाक्यात त्यांनी जे सांगितलं ते मला पुस्तकांत तीन ठिकाणी शोधावं लागलं असतं. आपण सगळ्या तांबड्या-केशरी पुडींना एका माळेत ओवतो. पण हिंगूळ पाऱ्याचा, शेंदूर शिशाचा, आणि काव किंवा गेरू लोखंडाचा. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, इंग्रजीतलं 'रेड लेड'. जवसाच्या तेलात, म्हणजे पेंटरांच्या बेलतेलात, तो कालवला की तेल आणि शिसं मिळून एक प्रकारचा साबण तयार होतो आणि तो लोखंडाला गंजू देत नाही. नुसता पडदा म्हणून झाकत नाही, तर गंजाची क्रियाच रोखून धरतो. जहाजं, पूल, पाण्याच्या टाक्या यांना पहिला हात शेंदराचा, ही जगभरची रीत होती. आमच्या कारखान्याच्या भांडारातही 'रेड लेड' या नावाची नोंद असे. त्याचे छोटे डबे इतके जड, की नवा हमाल उचलताना दचकायचा. आपल्या वेशीवरच्या दगडांना शतकानुशतकं जे फासलं जातं, तेच बोटींच्या पोटाला फासलं जात होतं, हे मात्र मला त्या नोंदवहीनं कधी सुचवलं नव्हतं.

रेड ऑक्साइडची गोष्ट उलटी आणि जराशी विनोदी. त्यातला रंग म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, म्हणजे रासायनिकदृष्ट्या गंजाचाच भाऊबंद. गंज घालवायचा आणि मग त्यावर डब्यातला गंज फासायचा! फरक एवढाच, की डब्यातल्याचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. तो आणखी बदलत नाही. त्याच्यात शेंदरासारखी रोखून धरणारी ताकद नाही, तो फक्त झाकतो. पण तो विषारी नाही, आणि स्वस्त आहे.

"मग शेंदूर सोडला का?" मी विचारलं.

पेंटरमामा लगेच बोलले नाहीत. मग सांगू लागले. वयाच्या बाराव्या वर्षी ते एका गॅरेजात लागले. शेंदराची पूड तेलात कालवायचं काम पोराचं. हात धुवायला रॉकेल. त्याच हातानं भाकरी. जुना रंग काढताना तो कोरडाच घासायचा, कारण पाण्यानं पेपर लवकर झिजतो आणि पेपरचे पैसे उस्तादच्या खिशातून. संध्याकाळी उस्ताद गुळाचा खडा द्यायचा. "धूळ गिळल्याव गूळ खावा म्हंजी घसा साफ हुतोय, असं म्हनायचे." कोल्हापुरात गुळाला काय तोटा? पोटात कळा यायच्या, महिना महिना संडासला साफ व्हायचं नाही, भूक मरायची. बरोबरच्या एकाचं मनगट उचलेनासं झालं आणि तो गावी निघून गेला. "आमास्नी कोन सांगनार? आमी म्हनायचो, वात हाय."

मी डॉक्टर नाही. पण पोटातल्या कळा, बद्धकोष्ठ आणि मनगट लुळं पडणं ही शिशाच्या विषबाधेची लक्षणं म्हणून जुन्या वैद्यकीय पुस्तकांत पहिल्या पानावर सापडतात, आणि तिथं ज्या धंद्यांची यादी असते तिच्यात रंगारी असतातच. 1921 मध्ये, म्हणजे पेंटरमामांच्या जन्माच्याही आधी, जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनं रंगातल्या पांढऱ्या शिशावर बंधनं घालणारा करार केला होता. आपल्याकडं घरगुती आणि सजावटीच्या रंगातलं शिसं दहा लाख भागांत 90 भागांवर आणण्याचा नियम 2016 चा, आणि तो लागू झाला नोव्हेंबर 2017 पासून. घरगुती रंगांसाठी. लोखंडाला मारायच्या औद्योगिक रंगांना तो नियम नाही. आणि जुन्या गाडीवर जो थर आधीच बसला आहे, त्याला तर कुठलाच नियम लागू नाही. तो कुणीतरी कोरडा घासेपर्यंत तिथं वाट पाहत असतो. त्या सकाळी ग्राइंडरनं मी जी मागची बाजू उडवली होती, तीत शेंदूर होता की नव्हता कोण जाणे. नाकाला मी फक्त पंचा बांधला होता.

मधले थर लवकर सांगून टाकतो. पातळ, फवाऱ्याचा काळा म्हणजे ज्याला आपल्याकडं 'ड्युको' म्हणतात तो. मूळ ड्युको हे ड्युपाँ कंपनीच्या रंगाचं नाव. तो 1923-24 च्या सुमारास अमेरिकेतल्या ओकलँड मोटारीवर पहिल्यांदा झळकला. नायट्रोसेल्युलोजचा असल्यानं भट्टीशिवाय, मिनिटांत वाळायचा. तो आला आणि रस्त्याकडेच्या गॅरेजला मोटार रंगवणं शक्य झालं. इतकं, की फवाऱ्यानं मारलेला कुठलाही रंग म्हणजे ड्युको असं आपण आजही म्हणतो. सगळ्यात वरचा ब्रशचा ऑइल पेंट कुठल्या कंपनीचा ते सांगता येणार नाही, पण मुंबईतच तो बनला असण्याचा संभव चांगला. लोअर परळला 1920 मध्ये निघालेला गहागन पेंट्सचा कारखाना पुढं गुडलास नेरोलॅक झाला, आणि 1942 मध्ये, युद्धामुळं परदेशी रंगाची आवक आटली असताना, गिरगावातल्या एका गॅरेजात चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केलं. गॅरेजातच जन्मलेला रंग पुन्हा गॅरेजात आला, एवढं म्हणून पुढं जातो.

कारण खरा प्रश्न पुढं होता. चासी स्वच्छ कशी करायची? जो भेटेल तो एकच सल्ला देत होता: ब्लास्टिंगला दे, अर्ध्या तासात कोरी करून मिळेल, मग पावडर कोटिंग कर, वीस वर्षं बघायला नको.

वाळूचा झोत मारून धातू साफ करण्याची कल्पना फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमननं 1870 मध्ये पेटंट केली. काम विलक्षण होतं. पण वाळू आदळून फुटली की तिची जी बारीक धूळ होते ती फुप्फुसात बसते आणि निघत नाही. सिलिकोसिस. ब्रिटनमध्ये ओतकाम आणि तत्सम वस्तू साफ करायला सिलिकायुक्त वाळू वापरण्यावर 1949 च्या नियमांनी बंदी आली. आपल्या 1948 च्या कारखाना कायद्यात सिलिकोसिस हा कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या परिशिष्टात होता. म्हणजे कायद्याला तो ठाऊक आहे. मोठ्या फाउंड्र्यांत आज वाळूऐवजी पोलादी छर्रे वापरतात, बंद खोलीत. पण मी ज्या शेडमध्ये चासी घेऊन गेलो, तिथं ताडपत्रीच्या आडोशाला एक विशीतला मुलगा तोंडाला रुमाल आणि डोळ्यांना वेल्डिंगचा चष्मा लावून नदीची वाळू मारत होता. मी भाव विचारला, भाव रास्त होता. चासी टेम्पोतून उतरवली नाही. मोठा धर्म केला असं नाही. त्या मुलाचं त्या दिवशीचं काम माझ्यावाचून अडलं नसणार.

दुसरंही एक कारण होतं, आणि ते इतिहासाचं होतं. ब्लास्टिंगनं थर जातात ते सगळे जातात. हँडलच्या मानेपाशी ठोकलेला चासीचा नंबर जर आधीच झिजलेला असेल, तर तोही पुसट होतो, आणि मग वर पावडरचा जाड थर बसला की आरटीओच्या माणसाला भिंग घेऊनही वाचता येत नाही. माझ्या ओळखीच्या एकाला या कारणानं दीड वर्ष हेलपाटे घालावे लागले. इमारतींच्या बाबतीत 1964 च्या व्हेनिस सनदेनं सांगितलं, की जीर्णोद्धार करताना प्रत्येक काळानं घातलेली भर मानावी, सगळं खरवडून 'मूळ' रूप काढू नये. पुढं 'फिवा' या जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेनं ट्युरिन सनदेत तोच विचार गाड्यांना लावला. आपल्याकडं जुन्या बुलेटी चकाचक करण्याची जी लाट आहे, तिच्यात प्रत्येक गाडी कारखान्यातून काल बाहेर पडल्यासारखी दिसते. पन्नास वर्षं ती कुठं होती, कुणी तिला जोडलं, कुणी रंगवलं, याचा मागमूस राहत नाही. पेंटरमामांसारख्यांच्या कामाचा दुसरा दस्तऐवज कुठंच नाही. बिलं नव्हती, वह्या नव्हत्या. होता तो थर.

शेवटी मी काय केलं ते सांगतो. पुढचा भाग ओला ठेवूनच घासला. खालचं पाणी टबात धरलं. तो गाळ कुठं टाकावा हे विचारायला एका कचेरीत गेलो, तिथं कुणालाच सांगता आलं नाही. तो अजून झाकणाच्या डब्यात माझ्याकडं आहे. ज्या खाचांत पेपर पोचत नव्हता तिथं हिरड्याचा काढा लावला. हिरड्यातलं टॅनिन गंजाशी मिळालं की निळसर काळं, स्थिर संयुग बनतं. आपल्याकडं हिरडा आणि हिराकस यांच्यापासून काळा रंग करत ते याच रसायनानं, आणि संग्रहालयांत उत्खननातल्या लोखंडी वस्तूंवर टॅनिक आम्ल लावतात तेही याचसाठी. आजऱ्याकडचे अर्धा किलो हिरडे रात्रभर भिजवून उकळले. तांबडा गंज डोळ्यांदेखत काळा होत गेला. बायको म्हणाली, "घरात औषधाला हिरडा मागितला तर मिळत नाही, आणि तिकडं लोखंडाला काढा." त्यावर मला उत्तर नव्हतं.

त्यानंतर प्रायमरचे दोन हात, आणि वर काळा, तोही पेंटरमामांच्या हातचा. फवारा नको म्हणाले. कंप असलेला हात ब्रश धरला की स्थिर व्हायचा. त्यांनी मास्क घालावा म्हणून मी हट्ट धरला. त्यांनी तो घातला, चहाच्या वेळी कपाळावर सरकवला आणि पुन्हा खाली ओढायला विसरले.

उजव्या फूटरेस्टजवळचा वीतभर भाग मात्र आम्ही तसाच सोडला. तिथं एका कडेपासून दुसरीकडं जिना उतरावा तसे थर कापले: ब्रशचा काळा, ड्युको, लांबी, शेंदूर, आणि तळाचा भट्टीतला काळा. पाचही पायऱ्या उघड्या ठेवून वर पारदर्शक वार्निश मारलं, म्हणजे शेंदराची पूड कुणाच्या हाताला लागायला नको. पेंटरमामांनी खाली वाकून ते निरखलं.

"ह्यो शेंदूर माज्या उस्तादाच्या हातचा आसंल का, मालक?"

गाडी मालवणची, आणि मामानं घेण्याआधी ती कुठं कुठं फिरली त्याचे कागद माझ्याकडं नाहीत. मी तसं म्हणालो. त्यांनी मान हलवली, आणि ब्रश रॉकेलमध्ये बुडवून धुवायला घेतला.

मागच्या अर्ध्या भागाला असा जिना नाही. तिथं सीटखाली, जिथं ते 'श्री' होतं तिथं, पेंटरमामांनी न विचारता पिवळ्या रंगात एक 'श्री' काढला. त्याच्यापुढची जागा मोकळी आहे.